फळीवरच्या चिमण्या

दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनच्या बोलीला शब्द लहान करून घ्यायची भारी हौस. शेपटीला ‘ले’ चिकटवला की काम झालं. ‘हाउस’चं होतं ‘हॉइस्ले’, म्हणजे घराचं घरकुल. ‘श्पात्स’ म्हणजे चिमणी, तिच्या झाल्या ‘श्पेत्स्ले’, चिमणुल्या, आणि हेच तिथल्या उकळत्या पाण्यात शिजवलेल्या पिठाच्या तुकड्यांच्या पदार्थाचं नाव. काही मंडळी हा शब्द तुकडे करण्याच्या एका इटालियन क्रियापदाशी जोडतात. जोडोत बापडे. उकळत्या पाण्यात टपाटप उड्या मारणाऱ्या त्या पिठाच्या तुकड्यांकडे बघून चिमण्यांवरचा हक्क सोडवत नाही.

श्पेत्स्ले म्हणजे शेवया नव्हेत आणि नूडल्सही नव्हेत. यांना लाटणं लागत नाही, वाळवणही नाही. लागतं ते फेटणं. प्रमाण असं: अर्धा किलो मैदा, ५ अंडी, दीड चमचा मीठ आणि सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर पाणी. शंभर ग्रॅम मैद्याला १ अंडं हा घरोघरचा हिशेब. अंडी लहान असली तर सहावं फोडावं. पाणी मात्र एकदम ओतू नये, शेवटचा घोट हातात राखून ठेवावा. श्वाबेनमध्ये यासाठी ‘डुन्स्ट’ नावाचं वेगळं पीठच मिळतं, मैदा आणि रवा यांच्या मधलं, बोटांना किंचित कणीदार लागणारं. ते पाणी हळूहळू पितं, म्हणून गुठळ्या होत नाहीत. साध्या मैद्यात शंभरेक ग्रॅम बारीक रवा मिसळून अर्धा तास झाकून ठेवलं की जवळपास तोच गुण येतो.

आता फेटणं. लाकडी डावाने खालून वर, खालून वर, पाच ते दहा मिनिटं, पिठात बुडबुडे दिसेपर्यंत. या मारामुळे मैद्यातलं ग्लुटेन लांबतं आणि पीठ स्वतःला धरून राहतं. कंटाळा केला तर पाण्यात पडल्यावर तुकड्यांच्या कडा विरघळतात आणि पातेल्यात खळ तयार होते. झालं की नाही हे डाव उचलून बघायचं. धार लागली तर पीठ पातळ आहे, मूठभर मैदा घाला. गोळा तसाच लटकला तर घट्ट आहे, राखलेलं पाणी आता कामाला येईल. जाड, आळशी तार लांबत लांबत जाऊन तुटली की जमलं. अंदाज द्यायचा तर भज्याच्या पिठापेक्षा बरंच घट्ट आणि थालीपिठापेक्षा बरंच सैल.

खरं कौशल्य फळीचं. दांड्याची, पुढची कड निमुळती केलेली लाकडी फळी आणि सरळ धारेची पट्टी. फळी आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, तिच्यावर डावभर पीठ पातळ पसरायचं, कड पातेल्यावर धरायची आणि पट्टीने काडीएवढ्या रेघा पाण्यात खरवडत जायचं. दर चार-पाच रेघांनी फळी आणि पट्टी पुन्हा पाण्यात. कोरडी राहिली की पीठ पट्टीलाच बिलगतं आणि तिथून जे सुटतं ते बोटाएवढं जाड. वरून शिजलेलं, आत कच्चं. पाणी खारट आणि खळखळतं हवं. एका वेळी एकाच फळीचा घाणा टाकावा, नाहीतर पाणी थंडावतं आणि चिमण्यांचा लगदा होतो. त्या तरंगून वर आल्या की अर्ध्या मिनिटात झाऱ्याने काढायच्या.

फळी जमत नाही त्यांच्यासाठी दाबयंत्र आहे. मराठी माणूस ते बघताक्षणी ‘अरे, हा तर सोऱ्या’ म्हणेल. त्यातून लांब, एकसारखे श्पेत्स्ले पडतात. भोकांच्या किसणीवरून पीठ सरकवलं तर बुटके थेंब पडतात, त्यांना ‘क्नोप्फ्ले’ म्हणजे बटणं म्हणतात. २०१२ साली युरोपीय संघाने श्वाबी श्पेत्स्ले आणि क्नोप्फ्लेंना भौगोलिक संरक्षण दिलं. कागदोपत्री दोघंही सारखेच मानाचे. पण मध्ये जाड, टोकाला बारीक, ओबडधोबड असा फळीवरचा तुकडा रस्सा जसा धरतो, तसा सोऱ्यातला धरत नाही.

रस्सा कुठला, तर मसुरीचा. श्वाबी आल्ब या डोंगराळ पठारावरची बारीक मसूर एकेकाळी पार नाहीशी झाली होती. तिचं जुनं वाण २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणेसंग्रहात सापडलं आणि शेतकऱ्यांनी ते पुन्हा आल्बवर पेरलं. कराड-सांगलीकडचा अख्खा मसूर या मसुरीचा सख्खा चुलतभाऊ, फक्त इथे तिखटाऐवजी आंबट. पाव किलो मसूर कांदा, गाजर, सेलरीचा कंद आणि तमालपत्राबरोबर शिजवायची. दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा बदामी करून तो लावायचा, आणि अगदी शेवटी दोन-तीन चमचे व्हिनेगर. आधी घातलं तर मसूर कडक राहते. आमटीत चिंच लवकर घालून पस्तावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सोबतच्या बारीक सॉसेजना नुसत्या गरम पाण्यात ठेवायचं, उकळलं की साल फाटते.

शेजारच्या आल्गॉयमध्ये मसूर बाजूला सरते आणि चीज येतं. गरम श्पेत्स्ले, किसलेलं पहाडी चीज, पुन्हा श्पेत्स्ले, असे थर. वरच्या प्रमाणाला तीनशे ग्रॅम चीज, त्यात थोडं उग्र वासाचं हवंच. थरांवर श्पेत्स्ले शिजवलेलं पाणी दोन चमचे शिंपडायचं आणि डोक्यावर लोण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परतलेला तपकिरी कांदा. यासाठीचे श्पेत्स्ले गार पाण्याखाली धुवायचे नाहीत. वरचा स्टार्च वाहून गेला की चीज धरायला काही उरत नाही. भट्टीत फार वेळ ठेवले तर चीजचं तूप वेगळं होतं आणि खाली रबर उरतं.

आणि उरलेच तर? फोडणीच्या भाताचा न्याय. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या तव्यात लोणी तापवून गार श्पेत्स्ले पसरायचे आणि खालची बाजू खरपूस होईपर्यंत उलथण्याला हात लावायचा नाही. मग एकदाच परतून वर दोन अंडी फोडायची.