रायरेश्वरावरून ओमेगा सेंटॉरी: रात्र कशी निवडावी

नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडून दिसतो, पण दक्षिणेला फार खाली. भोरजवळच्या रायरेश्वराच्या पठारावरून तो जास्तीत जास्त साडेचोवीस अंश वर येतो. त्यामुळे तो याम्योत्तरावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच, असण्याच्या आगेमागे दोन तासांतच त्याला गाठणे शहाणपणाचे. ही वेळ मार्चच्या मध्याला रात्री अडीचच्या सुमारास, एप्रिलच्या मध्याला साडेबाराला आणि मेच्या मध्याला साडेदहाला येते, कारण कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो.

मेमधली वेळ सर्वांत सोयीची वाटते, आणि त्याच मोहाने आम्ही गेल्या वर्षी वैशाख अमावास्येला गेलो. चंद्र नव्हता, वेळ अचूक होती. पण खालच्या खोऱ्यांतला धूर आणि वळवाआधीची धुरकट हवा यांनी क्षितिजापासून जवळजवळ तीन मुठी (लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश) आकाश गिळले होते. या चैत्रात मात्र वद्य त्रयोदशीची रात्र धरली आणि तीच निवड योग्य ठरली. पंचांग पाहणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो: चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रा या ताऱ्याजवळ असतो, म्हणूनच महिन्याला ते नाव, आणि हा गुच्छ नेमका चित्रेच्या खाली असल्यामुळे त्याच रात्री तो पाहायला जाणे सर्वांत वाईट. वद्य दशमीपासून अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांपर्यंतच्या रात्री चालतात. त्यातही आदल्या दिवशी वळवाची सर येऊन हवा धुतली गेली असेल, तर ठरलेला बेत मोडून त्याच रात्री निघावे.

रायरेश्वर निवडण्याचे कारण सरळ आहे. पुणे उत्तरेला राहते, म्हणजे शहराचा उजेड आपल्या पाठीशी पडतो. समोर पाचगणीचा उजेड किंचित डावीकडे, महाबळेश्वरचा किंचित उजवीकडे, आणि दोहोंच्या मध्ये बरोबर दक्षिणेला काळोख. भोरहून कोर्ल्याच्या बाजूने वर आल्यावर पुढची वाट लोखंडी शिडीची आहे. ती दिवसाउजेडीच चढावी, आणि कड्यापासून दूर असलेली, दक्षिण मोकळी दिसणारी जागाही सूर्यास्तापूर्वीच हेरून ठेवावी. पठारावर वस्ती आहे. ज्यांच्या घरी जेवणार त्यांना आधी कळवावे आणि रात्री कुठे बसणार तेही सांगून ठेवावे, नाहीतर अंधारात हलणारे दिवे पाहून लोक काळजीने शोधत येतात. एप्रिल असला तरी मध्यरात्रीनंतरच्या वाऱ्याला स्वेटर लागतो. विजेरीवर लाल कागद गुंडाळावा.

शोधण्याची खूण सोपी आहे. चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच आली की हात लांब करून तिच्याखाली साडेतीन मुठी मोजाव्यात. त्याच्या तासभर आधी त्रिशंकू हा क्रुसासारखा तारकासमूह क्षितिजालगत उभा झालेला दिसतो. तो दिसला तर हवा स्वच्छ आहे असे समजावे. बारा वाजून दहा मिनिटांनी मला मोजलेल्या जागी काहीच दिसेना. मग नजर थोडी बाजूला वळवली, तेव्हा पाटीवर खडू टेकवून बोटाने पुसावा तसा एक फिकट डाग उमटला, आणि सरळ पाहताच पुन्हा विरला. १०×५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीत तो गोल, भरीव आणि मध्याकडे उजळ झाला. आकाराने तो जवळपास पूर्ण चंद्राएवढा भरतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचे सुमारे एक कोटी तारे त्यात आहेत. द्विनेत्रीत त्यातला एकही सुटा होत नाही, त्यासाठी सहा-आठ इंची दुर्बीण हवी, आणि ती शिडीवरून नेण्याची तयारीही हवी. द्विनेत्रीला तिपाई मात्र हवीच, कारण हातात धरल्यास डाग थरथरतो आणि डोळा दमतो.

अडीचच्या सुमारास गुच्छ महाबळेश्वरच्या उजेडाकडे कलला आणि फिकटत गेला. चंद्र उगवायला अजून दोन तास होते, पण आम्ही तिपाई मिटली.