वेदना शून्य, ठणका आठ

एरवी मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्या वर्षी पीएचडीसाठी सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरत होते. कॅन्सरवरचे उपचार थांबवून घरी आणलेल्या रुग्णांना दुखणं किती आहे, हे मोजायचं होतं.

त्या सकाळच्या आजींना स्तनाचा कॅन्सर. गाठ फुटून जखम झालेली, उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत टम्म सुजलेला. ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी फॉर्म काढला. "आजी, शून्य म्हणजे वेदना अजिबात नाहीत, दहा म्हणजे सोसवत नाहीत इतक्या. तुम्हाला किती?"

"येदना न्हाईत बाई."

मी शून्य लिहिलं. तोवरच्या फॉर्मांत असे शून्य बरेच होते. औषधं लागू पडताहेत, असं वाटून मला बरं वाटायचं.

सोबतची विद्यार्थिनी जतकडची. ती पट्टी सोडवत होती, मिठाच्या कोमट पाण्यानं भिजवत, सावकाश. चिकटलेलं कापड ओढलं की रक्त येतं. मग तिनं मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरवली. वास त्यानं कमी होतो, आणि वासापायीच घरची माणसं लांब बसू लागतात. हात चालू ठेवून तिनं विचारलं, "आज्जे, रातीला झोप लागती का गं?"

"कुटली झोप? ठणका लागतो की. आडवं झालं की हातातनं आग निगती, मदनंच चमक मारती, करंट बसल्यागत. बसूनच रात काढती."

"मग मॅडमना न्हाई का म्हनलीस?"

"त्यांनी येदना इचारल्या. त्या बाळंतिणीला."

माझा पेन हातातच राहिला. तो फॉर्म मीच मराठीत आणला होता. दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत करून घेतला, मुळाशी ताडून पाहिला, तज्ज्ञांना दाखवला. पण आम्ही सगळे शिकलेले, एकाच भाषेतले. सिसिली सॉन्डर्स मी दर वर्षी वर्गात शिकवते. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं, त्याआधी कितीतरी वर्षं रुग्णांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत टिपून घेतलं होतं. हे शिकवणारी मी आजींना एकच शब्द विचारून मोकळी झाले होते.

मी पुन्हा विचारलं. ठणका आठ. आग नऊ. चमक "मोजाय गावत न्हाई".

हे शब्द वेगळे, तशी दुखणीही वेगळी. ठणका जखमेचा आणि सुजेचा. आग, चमक, करंट हे काखेतल्या गाठींनी दाबलेल्या नसांचं. त्याला औषध वेगळं लागतं. ओसरीवरूनच डॉक्टरांना फोन लावला. मॉर्फिन कमी मात्रेनं, दर चार तासांनी. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं पोट हमखास धरतं. आणि रात्री नसांसाठी एक गोळी.

मुलगा दबकत म्हणाला, "अफूच ना ती? सवय लागली म्हंजे?" हा प्रश्न घरोघरी येतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कटकट नको म्हणून कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सैल झाले, भीती मात्र उरली. दुखण्यासाठी, मापात, वेळेवर दिलेल्या औषधाचं व्यसन सहसा लागत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. गोळ्यांच्या वेळा सुनेनं पोराच्या वहीच्या पानावर लिहून घेतल्या.

आधीचे सगळे फॉर्म मी बाजूला काढले. मार्गदर्शकांना सांगितलं, काम चार-सहा महिने लांबलं. नव्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न आहे: तुमच्याकडे याला काय म्हणता? त्यापुढे मोकळी जागा. कळ, ठसठस, रग, सल, ओढ, हुळहुळ, मुली काय काय लिहून आणतात.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा आजी डाव्या कुशीवर आडव्या होत्या, हाताखाली उशी. त्या पोरीला बघून म्हणाल्या, "लिव गं. ठणका दोन. आग हाय अजून, पाच लिव."