शेवटचा फुर्र

सिएटलला लेकीकडे जाऊन तिसरा आठवडा चालू होता, एका शनिवारी ती म्हणाली आई आवर, चहा प्यायला जायचंय, जपानी बागेत, तिकीट काढलंय. चहाला तिकीट! मी आपला आलं घातलेला कपभर चहा घरूनच पिऊन निघाले, म्हटलं उगाच रिस्क नको.

बाग लहानशीच आहे, साडेतीन एकर, 1960 ची. पुण्यातलं सिंहगड रोडचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान, तेही जपानी धाटणीचंच, याच्या दुपटीहून मोठं. पण ऑक्टोबर होता आणि मेपल असे काही लाल झाले होते की मी गप्पच झाले. चहाचं घर झाडीत, लाकडी, बुटकं. मूळचं घर 1973 मध्ये जळलं, हे 1981 मध्ये परत बांधलेलं. लेकीने विचारलं, गुडघे मोडून बसायचंय, जमेल ना? म्हटलं रोज देवापुढे बसते मी, न जमायला काय झालं.

बूट काढून आत चटईवर बसलो. किमोनोतल्या बाई आल्या, वाकून नमस्कार केला आणि भांडी पुसायला लागल्या. कंबरेचा रेशमी रुमाल काढला, त्याची घडी घातली, ती घडीही ठरलेली, मग चहापूडीची डबी पुसली, मग बांबूचा चमचा पुसला. तो चमचा आधीच लख्ख होता हो. माझ्या डोक्यात आपलं, एवढ्यात माझा दोनदा उकळून गाळूनही झाला असता. पण मग त्यांनी लांब दांड्याच्या बांबूच्या पळीने लोखंडी किटलीतलं गरम पाणी वाडग्यात ओतलं, त्या पाण्याचा आवाज त्या खोलीत एवढा मोठा वाटला की माझी बडबड थांबली, म्हणजे मनातली.

चहाच्या आधी गोड. पानाच्या आकाराची एक मिठाई कागदावर ठेवून दिली, मी तोंडात टाकली आणि लेकीकडे बघितलं, अगं हे तर पुरण! खरंच, पांढऱ्या घेवड्यासारखी कडधान्यं शिजवून, वाटून, साखर घालून आटवतात म्हणे. फक्त वेलची नाही. जायफळ तर नाहीच.

मग हिरवी पूड, पाणी, आणि बांबूचं ते घुसळायचं. बांबूचा एकच तुकडा उभा चिरून चिरून केलेलं असतं, बारीक बारीक काड्यांचं. मला आधी रवी आठवली, पण रवी गोल फिरते, हे मागे-पुढे, नुसतं मनगट हलत होतं, आणि वर साबणासारखा बारीक फेस. हा सगळा सोहळा पहिल्या पाहुण्याच्या वाडग्याचा, बाकीच्यांचे वाडगे आतून तयार होऊन आले. सत्यनारायणासारखंच की, पूजेला एक जोडपं, प्रसाद सगळ्यांना.

वाडगा हातात आला. शेजारच्याला आधी "तुमच्या आधी घेते" म्हणायचं, मग वाडगा तळहातावर ठेवून दोनदा थोडा थोडा फिरवायचा, कारण त्याची दर्शनी बाजू आपल्याकडे करून दिलेली असते, तिथे तोंड लावायचं नाही. चव? कडू, पालकाच्या पाण्यासारखी, पण पुरणावर बरी लागली, खोटं नाही बोलत. शेवटच्या घोटाला मात्र समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या की तो जोरात, आवाज करून ओढायचा, म्हणजे संपला हे यजमानाला कळतं.

फुर्र करून! आमचे आजोबा बशीतून असाच प्यायचे, अंगणापर्यंत ऐकू यायचं, आणि आम्ही पोरं तसं करायला गेलो की आईचा धपाटा ठरलेला. ते म्हणायचे पण "चा"च, जपानीतही चाच. साठ वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज मला काही काढताच येईना, लेकीने मात्र मस्त ओढला, आणि समोरच्या सहा-सात वर्षांच्या पोराने तर असा की त्या किमोनोवाल्या बाईही हसल्या.

शेवटी परत सगळ्यांनी वाकून नमस्कार. माझे दोन्ही पाय मुंग्यांनी पार बधिर झालेले, उठणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मी आपली वाकलेलीच राहिले. बाईंना वाटलं मी फारच भारावलेय, त्या परत वाकल्या. मग मी पण.