एक किलो कापूस

आज अमळनेरला किराणा दुकानात माझ्यापुढे एक मावशी उभ्या होत्या. वेचणीवरून थेट आलेल्या, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले. शेंगदाणा तेलाची 210 रुपयांची पिशवी घेतली आणि बिलावर बोट ठेवून मला विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

म्हटलं, जीएसटी. अडीच टक्के केंद्राचा, अडीच टक्के राज्याचा. या पिशवीत 10 रुपये.

"मंग मी बी टॅक्स भरस?" जरा हसल्या. मग स्वतःशीच, "म्हंजे येक किलो कापूस गया मना."

वेचणीची मजुरी किलोला 10 रुपये मिळते त्यांना. एक किलो बोंडं वेचायची म्हणजे किती वेळा वाकायचं, मोजून बघा कधी.

तीच पिशवी मीही घेतली. तेच 10 रुपये. मला ते कळलेही नसते. वर 2025 च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत आयकर नाही, म्हणून आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते!

त्याच वर्षी सप्टेंबरात अंगाच्या साबणावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, हे खरं. पण डाळ? सुटी घेतली तर कर नाही, छापील पाकिटातली घेतली की 5 टक्के. हे मावशींना कोणी सांगितलंय का?