दारूबंदीच्या जिल्ह्यात होकायंत्र भरताना

पितळी होकायंत्र उघडून पुसून पुन्हा भरणं हे एका रिकाम्या दुपारचं काम आहे. माझा अख्खा उन्हाळा गेला तो त्यात काय भरायचं ते मिळवण्यात. मी आरमोरीकडचा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातला, आणि इथे १९९३ पासून दारूबंदी आहे. पुढचं सुज्ञांच्या लक्षात आलंच असेल.

यंत्र काकाजींचं. ते मर्चंट नेव्हीत होते, निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सोबत आणलेलं. वर जाड काच, आत काळी तबकडी. आतलं द्रव पिवळं पडून निम्म्यावर आलं होतं आणि तबकडी एका बाजूला टेकून बसली होती.

आधी आत काय होतं ते ओळखावं लागतं. जुन्या द्रवाचा थेंब वाटीभर पाण्यात टाका. विरघळला तर अल्कोहोल-पाणी. तेलासारखा वर तरंगला तर रॉकेलच्या जातीचं काहीतरी. जे होतं तेच भरायचं, कारण रंग आणि रबर त्या त्या द्रवाला धरून निवडलेले असतात. माझा थेंब विरघळला. जुन्या बोटींवरच्या यंत्रांत साधारण ४५ भाग अल्कोहोल आणि ५५ भाग पाणी असे.

"मग नुसतं पानी भर ना, इथं कोनता बर्फ पडते?" असं घरीदारी सगळ्यांनी सुनावलं. थंडीत गोठू नये म्हणून अल्कोहोल, हे खरं. पण तबकडीखाली पोकळ फुगा असतो. तो तबकडीचं बरंचसं वजन उचलतो आणि ती ज्या अणकुचीदार टोकावर फिरते त्यावर अगदी थोडा भार ठेवतो. हे सगळं त्या मिश्रणाच्या घनतेवर बेतलेलं. नुसतं पाणी जड, त्यात तबकडी टोकावरून उचलली जाऊ शकते. शिवाय पाण्यात शेवाळ धरतं.

तर अल्कोहोल. मेडिकलवाल्याकडे गेलो.

"कशाले पाहिजे जी?"

"होकायंत्रात टाकाले."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मागे उभ्या असलेल्या बाईंनीही पदर सावरला. जखमेवर लावायचं सर्जिकल स्पिरिट देतो म्हणाला, छोटी बाटली. त्यात बऱ्याचदा एरंडेल तेल वगैरे मिसळलेलं असतं, काचेवर आतून तवंग धरेल. सॅनिटायझरचंही तेच, ग्लिसरीन असतं. मला पाहिजे होतं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. "ते ठेवत नाही. आणि वरून लिहून आणा."

वरून म्हणजे कुठून हे त्यालाही माहीत नव्हतं. ऑनलाइन मागवलं तर आमच्या पिनकोडला ज्वलनशील माल पोचत नाही. शेवटी एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर. बाबूंनी अर्ज लिहायला लावला, मग दुकानाचा परवाना जोडा म्हणाले. दुकान नाही म्हटलं. मग संस्थेचं पत्र जोडा. संस्थाही नाही. "मंग तुमी एकटे मानूस एवढ्या स्पिरिटचं करता काय?" मी यंत्र पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बाबूंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शेजारच्या टेबलावरून दोघं आले, कोणी म्हणालं चांदीचं आहे का, कोणी म्हणालं विकता का. अर्ज मात्र "ठेवून जा" वर थांबला. पुढच्या खेपेला तो सापडला नाही, त्याच्या पुढच्या खेपेला बाबूच रजेवर. ज्या तालुक्यात मोहाची कुठे मिळते हे शेंबडं पोरही सांगेल, तिथे मी लेखी मागतोय म्हणून संशयित!

सुटका कुठे झाली? मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. फोनची चार्जिंगची पिन पाहायला गेलो, तर पोरगा ब्रशने बोर्ड धूत होता, बाटलीवर लिहिलेलं आयसोप्रोपिल, ९९ टक्के. वडसाहून त्याचा माल येतो. पुढच्या मालासोबत माझी एक बाटली आली. कार्यालयाचं तोंड पाहण्याआधी मोबाईलवाला गाठा, एवढंच सांगतो.

पण एक बघून घ्या. वरची टोपी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोलने तिला बारीक चिरा पडू शकतात. तबकडीच्या रंगालाही मागच्या बाजूला एक थेंब लावून पाहा. आणि हे काम अंगणात, चुलीपासून लांब.

भरणं सोपं. पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड, उकळून गार केलेलं, म्हणजे विरघळलेली हवा जाते. मिसळल्यावर मिश्रण गरम होतं आणि बारीक बुडबुडे सोडतं, म्हणून रात्रभर झाकून ठेवलं. रबरी रिंग कडक झाली होती, मोटरपंपाच्या दुकानात मापाची मिळाली. यंत्र अख्खं मिश्रणाच्या घमेल्यात बुडवून, सिरिंजने भरून, हलवून हलवून बुडबुडे भोकाशी आणले आणि बूच आतल्या आतच घट्ट केलं. मग वर्तमानपत्रावर उलटं ठेवलं, डाग पडला नाही.

भरायची वेळ महत्त्वाची. अल्कोहोल दर १० अंशांना साधारण एक टक्का फुगतं, पाणी मिसळल्यावर थोडं कमी. डिसेंबरच्या पहाटे काठोकाठ भरलं आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की काच नाही तर रिंग जाणार. माझ्या यंत्राच्या तळाला लवचीक पत्रा आहे, तो हा फरक पोटात घेतो. तरी मी उन्हं उतरल्यावरच भरलं. थंडीत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसला तर घाबरू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: जुन्या लष्करी होकायंत्रावर अंधारात चमकणारा रंग असेल तर उघडूच नका. महायुद्धाच्या काळात त्यात रेडियम घालत. चमक केव्हाच विझलेली असते, किरणोत्सर्ग नाही. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे.

रात्री ध्रुवताऱ्याशी लावून पाहिलं. इकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ताळा सोपा. तबकडी किंचित कलते. ती इंग्लंडच्या हिशेबाने तोललेली, तिथे चुंबकाचं टोक जमिनीकडे ६६ अंशांच्या आसपास ओढलं जातं, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. काकाजी म्हणतात मेणाचा ठिपका लावून तोल साधू. म्हणजे पुन्हा उघडा. बाटलीत अजून निम्मं शिल्लक आहे, ती मी कुलपात ठेवली आहे.