साडेसात हजारांतले उरले अकराशे

आजचं ओडोमीटर (३१ जानेवारी): ४४,७९०. किलोमीटरच्या हिशेबाने हप्ता असलेली गाडीची विमा पॉलिसी ३ जुलैला सुरू झाली तेव्हा ३८,४१२ होतं. गेले ६,३७८, उरले ११२२, आणि वर्षाचे पाच महिने अजून पुढेच आहेत.

गाडी घेतल्यापासून मी डायरी ठेवतो. पेट्रोल, हवा, किलोमीटर, सगळं. गेल्या वर्षी गाडी ६,९०० चालली होती, म्हणून यंदा डोळे झाकून ७,५०० किलोमीटरवाला प्लॅन घेतला. डायरी खोटं बोलली नाही, पण वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघणार हे तिला कुठून कळणार?

नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी आधी पैशांचं. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना जितकं चालवाल तितका हप्ता आणि जसं चालवाल तसा हप्ता अशा दोन्ही सोयी द्यायला परवानगी दिली. पण ही सवलत फक्त ओडीवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या भागाचा, दर सरकार ठरवतं. माझी गाडी ११९७ सीसीची, तिला ३,४१६ रुपये. गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवली तरी तेवढेच. ओडी साध्या पॉलिसीत ५,१०० होता, किलोमीटरच्या प्लॅनमध्ये ४,१५०. फरक ९५०, त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ११२१ रुपये वाचले. एजंट मात्र फोनवर असा बोलत होता, जसा अर्धा विमाच माफ झालाय.

जुलै-ऑगस्ट: १,११८ किमी. पाऊस, त्यामुळे गावाकडच्या फेऱ्या कमी. मी गाडी कशी चालवतो याचे गुण विमा कंपनीचं फोनमधलं ॲप देतं, त्याचा स्कोअर ८१. मी खूश.

ऑगस्टच्या शेवटी एक गंमत झाली. भुसावळला काम होतं, गाडी घरीच ठेवली आणि पॅसेंजरने गेलो. संध्याकाळी ॲप उघडलं तर 'आजचा प्रवास' म्हणून जळगाव-भुसावळ नोंदलेलं, वर तीन वेळा अतिवेगाचा ठपका. स्कोअर ७४! रेल्वेचा ड्रायव्हर जोरात होता, गुण माझे गेले. ॲपला वेग कळतो, पण खाली रस्ता आहे की रूळ हे कळत नाही. त्या फेरीवर जाऊन 'मी प्रवासी होतो' असं निवडावं लागतं, आणि तेही सात दिवसांच्या आत. आता एसटीत किंवा कुणाच्या गाडीत बसलो की घरी येऊन चपला काढायच्या आधी हे काम करतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर: २,१९०. दवाखाना आणि दिवाळी. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

नोव्हेंबर: ८४०. किलोमीटर कमी, पण सगळ्यात शिकवणारा महिना हाच. चोपड्याच्या रस्त्याला कापसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको: ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस इतका लोंबलेला असतो की मागचा दिवा असला तरी दिसत नाही, आणि बहुतेकदा तो नसतोच. तिन्हीसांजेला समोर एकदम पांढरा डोंगर उभा राहतो. ब्रेक मारावाच लागतो, आणि ॲप लिहितं 'करकचून ब्रेक'. स्कोअर थेट ६८.

मग मी एक उद्योग केला. महिनाभर प्रत्येक 'करकचून ब्रेक'च्या पुढे डायरीत कारण लिहिलं. एकूण १९. ट्रॅक्टर ८, गावाच्या तोंडावरचे रंग न मारलेले स्पीड ब्रेकर ६, म्हशी २, आणि माझा स्वतःचा गाढवपणा ३. माझ्या फोनवर साधारण एका सेकंदात दहा-अकरा किलोमीटरने वेग पडला की नोंद होते. साठवरून पन्नासवर यायला दोन सेकंद घेतले तर काही नाही, एका सेकंदात आलो तर गुण गेले. म्हणजे ॲप खरं तर मी पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवतो ते मोजतंय. अंतर वाढवल्यावर ट्रॅक्टर तेवढेच होते, पण नोंदी डिसेंबरात ७ वर आल्या. मागून हॉर्न मात्र दुप्पट. एकाने ओव्हरटेक करताना काच खाली करून विचारलं, 'काय भो, गाडी नवीन शिकून राहिले का?'

दुसरा शोध फोनच्या जागेचा. दाराच्या खिशात फोन ठेवला की तो वळणावर घसरतो आणि ॲपला वाटतं गाडीच घसरली. ३५० रुपयांचा होल्डर घेतल्यावर 'तीव्र वळण' जवळपास बंद झालं. उन्हाळ्यात मात्र काचेजवळचा होल्डर नको. आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत फोन तापून बंद पडतो. मी तो एसीच्या जाळीवर लावलाय.

डिसेंबर: ९२०. भरीत पार्ट्या. आसोद्याची वांगी, कळण्याची भाकरी, आणि शेतातून घरी निघायला साडेअकरा. रात्री अकरानंतर गाडी चालवली की गुण कापतात. प्यायलो नव्हतो, जोरात नव्हतो, रस्ता रिकामा होता. कापले. भरितासाठी ते मान्य आहे.

बायकोचं निरीक्षणही नोंदवून ठेवतो: 'तुम्ही रात्री कुठं होते ते त्या कंपनीला माहीत, मला नाही.'

जानेवारी: १,३१०, स्कोअर ८३. नूतनीकरणाच्या वेळी याची सवलत मिळेल असं सांगतात. कागदावर टक्केवारी दिसेल तेव्हा इथे लिहीन.

आता टॉप-अप. माझ्या पॉलिसीत एक हजार किलोमीटर जीएसटीसह ४२० रुपयांना मिळतात, पण मर्यादा संपायच्या आधी घ्यायचे. संपल्यावर घेता येत नाहीत, आणि नंतर ठोकली तर ओडीचा दावा अडकतो. थर्ड पार्टी तेवढी चालू राहते. म्हणजे ११२१ मधून ४२० गेले, ७०१. होल्डरचे ३५० गेले, ३५१. दोन माणसांची शेवभाजी.

तरी घेणार, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. बहीण नंदुरबारला असते. आणायला एक फेरी आणि पोचवायला एक, दोन्ही धरून सहाशेच्या वर जातात. तिला फोनवर हिशेब सांगितला तर म्हणाली, 'एसटीनं येते की, आम्हाला अर्धं तिकीट आहे. तू तुझे किलोमीटर सांभाळ.' आईने ते ऐकलं. 'लेक आखाजीला एसटीनं येईल, अन् दारात गाडी उभी?' एवढंच बोलून ती आत गेली.

टॉप-अपसाठी ओडोमीटरचा फोटो मागतात. आत्ता दोनदा काढला, दोन्ही वेळा काचेवर फ्लॅश चमकला म्हणून नाकारला. सकाळी उजेडात काढतो.