बाईंचा ‘इश्यू’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं. मी एकाच शब्दावर लिहितो, ‘इश्यू’. शिकवला आमच्या इंग्रजीच्या बाईंनी. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

बाई अर्थ विचारत नसत. वाक्य फळ्यावर लिहून विचारत, “काय बाहेर पडलं? कुठून?” लॅटिनमधल्या ‘बाहेर जाणे’ या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द. छापखान्यातून अंक, आईबापांपासून संतती, वाचनालयातून पुस्तक, भांडणातून मुद्दा. मग समानार्थी शब्द त्याच जागी बसवून बघायचा. मासिकाच्या अंकाला ‘नंबर’ बसतो; ‘एडिशन’ पुस्तकाची. ‘कॉपी’ही नाही, कारण दिवाळी अंकाचा इश्यू एकच, कॉप्या हजारो. वादाला ‘मॅटर’, ‘क्वेश्चन’, ‘पॉइंट’ चालतात. ‘प्रॉब्लेम’ म्हटलं की बाई अडवत. प्रॉब्लेम सोडवायचा असतो, इश्यूला दोन बाजू असतात. शेवटी मागेपुढे येणारे शब्द. पुस्तक विद्यार्थ्याला ‘इश्यूड टू’. वाक्य विद्यार्थ्यापासून सुरू झालं तर तो पुस्तकासह ‘इश्यूड विथ’. ‘डिस्कस अबाउट द इश्यू’ लिहिलं की ‘अबाउट’वर लाल काट, कारण ते ‘डिस्कस’च्या पोटातच आहे.

एकदा नाशिकरोडच्या एका मुलानं ‘प्रेस इश्यूज नोट्स’ असं लिहिलं. वडील प्रेसमध्येच होते त्याचे. बाईंनी अख्खा तास त्यावर घेतला. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते, ते ‘प्रिंट’. त्या चलनात आणण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्यानं रिझर्व्ह बँकेचा, ते ‘इश्यू’; बँकेत त्यासाठी इश्यू डिपार्टमेंटच आहे. मुलानं खिशातून एक रुपयाची नोट काढली. बाईंनी ती उजेडाकडे धरून सही दाखवली. गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची! ही एकच नोट भारत सरकार इश्यू करतं. टपाल तिकिटांचंही तेच. सिक्युरिटी प्रेसमधून छापून आली तरी टपाल खातं ठरल्या दिवशी इश्यू करतं, आणि फर्स्ट डे कव्हरवर त्या दिवसाचा शिक्का बसतो.

आज मी दिवाणी कागदपत्रांची भाषांतरं करतो. ‘डाइड विदाउट इश्यू’चं ‘निपुत्रिक’ केलेलं सर्रास दिसतं. मुलगी असली तरी इश्यू आहेच, म्हणून तिथे ‘निःसंतान’ हवं. या अर्थी ‘इश्यूज’ असं अनेकवचनही होत नाही. वधूवर जाहिरातींतलं ‘इश्यूलेस’ याच घराण्यातलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १४ मधले इश्यूज मात्र वेगळे. एका पक्षानं ठासून सांगितलेली आणि दुसऱ्यानं नाकारलेली महत्त्वाची बाब, तिथेच मुद्दा निघतो. दोघांनी कबूल केलेल्या गोष्टीवर नाही.

हल्ली नेटचा इश्यू, गाडीचा इश्यू, पोटाचासुद्धा इश्यू. ‘फॉल्ट’, ‘डिले’, ‘कम्प्लेंट’ यांना कुणी विचारत नाही.

नवी इमारत देखणी आहे, पण वाचनालयात लाकडी स्टँडवर उघडा असायचा तो जाडजूड शब्दकोश काही दिसला नाही. पहिला अर्थ वाचून परत आलेल्याला बाई पुन्हा पिटाळत, नाम, क्रियापद, उदाहरणं, सगळं खालपर्यंत वाचून ये म्हणत. माजी विद्यार्थी संघानं जमलेल्या निधीतून निदान एक कोश घ्यावा, आणि तो कपाटात कुलूपबंद नको.